टेबलवाल्या बाई

जयसिंगपूर मागं टाकून नदीच्या अंगाला वळलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून काळा रस्ता. त्या रस्त्याच्या टोकाला आमचं गाव आणि गावाच्या टोकाला शाळा. शाळेला मैदान आहे, चिंच आहे, गळका हौद आहे. असं सगळं चार गावांत असतं तसंच. पण आमच्या शाळेत एक टेबल आहे, आणि तसलं टेबल पंचक्रोशीत दुसरं नाही.

त्याचा वरचा भाग सगळा काचेचा. मोठा टीव्ही उताणा निजवावा तसा. मोबाईलवर माणूस एकटा बोट फिरवतो. इथं भोवतीनं बसलेली सात-आठ पोरं एकाच वेळी सगळी बोटं फिरवतात आणि टेबल प्रत्येकाचं ऐकतं. एका ताटाभोवती घरची पोरं जेवायला बसावीत तशी ती त्याच्याभोवती बसतात. चित्र काढतात, नकाशा ओढून लांब करतात, गणिताचे ठोकळे एकमेकांच्या बाजूला सरकवून देतात.

हे टेबल चालवणाऱ्या विद्याश्रीबाई. गाव त्यांना टेबलवाल्या बाई म्हणतं.

टेबल कुठल्याशा कंपनीनं देणगी दिलं होतं. ते शिकायला पुण्याला कुणी जायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा जोतीराम सरांच्या रानात नेमकी ऊसतोड आली आणि दुसऱ्या दोघांच्या कमरा धरल्या. बाई नव्या होत्या, गावात खोली घेऊन एकट्या राहत होत्या. त्या गेल्या. मन लावून शिकल्या, हौसेनं परत आल्या. आणि अडकल्या.

बाईंचं सासर गडहिंग्लजचं. नवरा वीरेश, त्याचं भांड्यांचं दुकान. एकुलती लेक ईश्वरी, तिला तिची अज्जी सांभाळायची. शनिवारी दुपारी शाळा सुटली की बाई एसटी धरायच्या, कोल्हापूरला उतरून दुसरी धरायच्या, आणि दिवेलागणीला लेकीला पोटाशी घ्यायच्या. सोमवारी ती झोपेत असतानाच निघायच्या. ईश्वरी जूनमध्ये पहिलीला बसणार होती. पहिल्या दिवशी तिचं बोट धरून तिला शाळेत न्यायचं, एवढंच बाईंच्या मनात होतं. आमच्या संस्थेची एक शाळा गडहिंग्लजलाही आहे आणि तिथं जागा रिकामी होती. बदली करणं चेअरमनच्या हातात होतं.

व्हिडिओ कॉलवर ईश्वरीला आई दिसायची ती नेहमी त्या काचेच्या उजेडात. शेजारणीनं एकदा विचारलं, "तुझी अव्वा कुठं असती गं?" तर पोरगी म्हणाली, "टेबलात राहते." सगळी हसली. वीरेशनं ते फोनवर सांगितलं तेव्हा बाईही हसल्या, आणि मग बराच वेळ फडक्यानं स्वच्छ काच पुसत राहिल्या.

दुसऱ्या कुणाला टेबल शिकवावं म्हणून त्यांनी काय कमी केलं? जोतीराम सरांना तर चहा पाजून विनवलं.

"बाई, त्या काचेला बोट लावलं की नाव लागलं," सर म्हणाले. "तुमी सुटून जाणार गडहिंग्लजला, आन मी बसणार हितं काच पुसत. मला न्हाय त्या दाव्याला बांधून घ्यायचं."

"सर, पोरांसाठी तरी."

"पोरांसाठी तुमी हायसा की!"

तेव्हापासून त्या खोलीवरून जाताना सर दोन्ही हात पाठीमागं बांधून जायचे. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. घरात नांगर, विळा, कोयता पुजतात. शाळेत घंटा, तराजू, कॉम्प्युटर पुजतात. त्या वर्षी टेबलाच्या पूजेला चेअरमनच्या मातोश्री आक्कासाहेब स्वतः आल्या. जुनं, मायेचं माणूस. त्यांनी ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं काचेच्या कोपऱ्यावर ओढली. नारळ फोडला, त्याचं पाणी टेबलावर शिंपडलं आणि उरलेलं सगळं त्याच कोपऱ्यावर ओतलं. विद्याश्रीबाईंचा हात पुढं झाला होता. पण हेडमास्तर आकाराम सरांनी डोळ्यांनी दाबलं.

नारळाचं पाणी काचेच्या सांध्यातून आत उतरलं. तेव्हापासून त्या कोपऱ्यावर कुणाचं तरी बोट कायम टेकलेलं आहे असं टेबलाला वाटायला लागलं. पोरांनी कुठंही रेघ ओढली की ती तिकडं पळायची. चित्र तिकडं, नकाशा तिकडं.

"पुण्याच्या माणसाला बोलावू या, सर," बाई म्हणाल्या.

"आन तो काय सांगंल? पाणी गेलंय म्हणंल. कुणी घातलं विचारंल." आकाराम सर आवाज खाली आणून म्हणाले, "आक्कासाहेबांचं नाव तुमी सांगणार का मी?"

मग बाईंनीच धडपड करून तोड काढली. टेबल सुरू करताना तो कोपरा तळहातानं झाकायचा. पडद्यावर चित्र उमटेपर्यंत हात काढायचा नाही. मग टेबल त्या जागेला आपल्या अंगाचाच भाग समजायचं आणि दिवसभर शहाण्यासारखं वागायचं. रोज सकाळी बाई तिथं हात ठेवून उभ्या राहायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. ही तोड त्यांनी कुणाला सांगितली नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

जानेवारीत त्या कोल्हापूरला शाहूपुरीत संस्थेच्या कचेरीत गेल्या. चेअरमन उदयसिंह दिलदार माणूस. उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, जूनपासून गडहिंग्लजला जाऊ द्या. मुलगी पहिलीला जाणार आहे."

"सोडलं असतं ओ बाई. तुमचं काय वाईट चिंतीन व्हय? पण पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं टेबल बघायला यायलीत. टेबल चालवायला तुमच्याबिगर कोण हाय? टेबल चालतंय तोवर तुमाला कसं हलवू, सांगा बघू?"

तो चहा गोड होता. बाईंनी तो अर्धा तसाच ठेवला आणि उठल्या.

एसटीत खिडकीशी बसून त्यांनी तेच शब्द उलटसुलट केले. टेबल चालतंय तोवर. शिरोली गेली, हातकणंगले गेलं. कारखान्याच्या मळीचा वास आला आणि गेला. जयसिंगपूरला उतरेपर्यंत त्यांच्या मनात एक गोष्ट बसली होती. टेबल बिघडवायचं नव्हतं, ते बिघडलेलंच होतं. फक्त एका सकाळी हात ठेवायचा नव्हता.

कंपनीचे पाहुणे आले त्या दिवशी शाळा सारवल्यासारखी लख्ख होती. सातवीच्या पोरांनी आपल्या नदीचा पाठ बसवला होता. चार बाजूंना चौघं बसायची. एकानं बोटानं कासारी काढायची, एकानं कुंभी, एकानं तुळशी, एकानं भोगावती. चारी नद्या चालत चालत कोल्हापूरजवळच्या प्रयागला भेटायच्या आणि पंचगंगा व्हायची. पाचवी सरस्वती, ती डोळ्यांना दिसत नाही. पोरांनी कोपऱ्यातल्या त्या न दिसणाऱ्या बोटाचं नावच सरस्वती ठेवलं होतं. बाई हात काढायला लागल्या की पोरं म्हणायची, "निजली सरस्वती!"

पाहुणे, चेअरमन, आकाराम सर भिंतीला टेकून उभे राहिले. बाई पुढं झाल्या. बटण दाबलं. दोन्ही हात पदराखाली घेतले.

चित्र उमटलं. पोरांनी बोटं टेकवली. कासारी निघाली ती वाकडी पळत कोपऱ्यात गेली. कुंभी तिच्यामागं. तुळशी, भोगावती, सगळ्या एका बिळात शिरल्यासारख्या. पोरं घाबरून एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी हसलं.

"हे असं का वो बाई?" चेअरमननी विचारलं.

"बिघडलंय, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "आता ते चालायचं नाही."

त्या घटकेला त्यांना गडहिंग्लजची सकाळ दिसली. नवं दप्तर दिसलं.

"बाई!" तुळशी काढणारी मोना उठली. सातवीतली, दोन वेण्यांची, पाऱ्यासारखी चपळ पोरगी. तिला वाटलं, पाहुणे बघून बाई गांगरल्या. "तुमी हात ठेवायचा इसरलासा की!"

आणि बाई काही बोलायच्या आत तिनं टेबल बंद केलं, कोपऱ्यावर आपला बारका पंजा पसरला, तो पुरेना म्हणून दुसराही ठेवला, आणि कोपरानं बटण दाबलं. चित्र उमटेपर्यंत ती हलली नाही. मग हात उचलून म्हणाली, "निजली सरस्वती!"

चार नद्या निघाल्या. डोंगरातून उतरल्या, वळल्या, प्रयागला भेटल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोनानं बाईंकडं बघितलं. आपण त्यांची लाज राखली याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीवर रागवायचं कसं? शिकवलं तर त्यांनीच होतं. न सांगता शिकवलं होतं.

पाहुणे चहाला गेल्यावर बाईंनी चेअरमनना दारात गाठलं.

"साहेब, बघितलंत ना? पोरांना सगळं येतंय. माझ्यावाचून अडत नाही. आता तरी सोडा."

चेअरमन मोठ्यानं हसले. मनापासून, कौतुकानं. "अवो बाई, पोरं काय, वर्षा-दोन वर्षानं जात्यात. ही पोरगी जूनला हायस्कुलात जाईल. शाळेत ऱ्हाणार कोण? तुमी! असली पोरं तयार करणाऱ्या बाईला सोडाय मी खुळा हाय व्हय? पाहुणं काय म्हणाले ऐकलासा का? आणखी एक टेबल देत्यात. ते बी हितंच, तुमच्याच खोलीत."

आकाराम सरांनी टाळी दिल्यासारखी मान हलवली. व्हरांड्यातून जोतीराम सर गेले, हात पाठीमागं.

खोली रिकामी झाली. काचेवर पंचगंगा तशीच होती, पोरांच्या बोटांचे तेलकट ठसे तिच्या काठाकाठानं. फोन वाजला. पडद्यावर ईश्वरीचं नाक आणि अर्धा डोळा.

"अव्वा, पावणं आलते? टेबल चाललं?"

"चाललं, बाळ."

"मग आता बाहेर ये की."

बाईंनी फोन काचेवर उताणा ठेवला. लेकीला आता वरची कौलं तेवढी दिसत होती. "अव्वा? अव्वा?" ती हाका मारत राहिली. बाईंनी खुंटीवरचं फडकं घेतलं आणि ठसे पुसायला लागल्या. दुसरं टेबल कुठं मावेल, ते बघायला आकाराम सर दोरी घेऊन दारात उभे होते.