सीलसाहेबांच्या घरी गाण्याचा कॉम्प्युटर

सीलसाहेबांची नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. उभा जन्म वीजखात्यात गेला. घरोघरी जायचं, मीटरला लावलेलं शिशाचं सील कुणी तोडून परत डकवलंय का ते भिंग लावून बघायचं आणि चोर पकडायचा. चोर सापडला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. नाही सापडला की वाटायचं, आज आपल्याला कुणीतरी बनवलं. खात्यातल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव आधी गल्लीत आलं आणि मग घरात शिरलं. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "या सीलसाहेब, ताट वाढलंय. तपासून घ्या आणि मग बसा!"

आणि चिडणार नाही तर काय करेल? तेलाच्या बाटलीवर पेनाची खूण. साखरेच्या डब्याच्या झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर साहेबांची सही. घरात माणसं दोन! म्हणजे चोर कोण ठरला, तुम्हीच सांगा. बाई बिचारी पट्टी फाडायची, साखर घ्यायची आणि नवी पट्टी चिकटवून तिच्यावर स्वतःची सही ठोकायची. कामवाली कधी टिकली नाही. नळ दुरुस्त करणारा तर साहेब समोरून येताना दिसले की फुटपाथ बदलायचा.

हे सगळं बायकोने हसण्यावारी नेलं. एक गोष्ट मात्र तिच्या काळजाला लागली. लेकीचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदाच राहायला आला होता, आणि नेमकं साहेबांचं मनगटी घड्याळ सापडेना. साहेबांनी कपाटं उपसली, गाद्या उलथ्या केल्या आणि शेवटी जावयाला म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका, पण तुमची बॅग एकदा बघून घेऊ या का?" जावयाने निमूटपणे बॅग उघडली. शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, एकेक वस्तू पलंगावर मांडली. घड्याळ संध्याकाळी न्हाणीघरातल्या फळीवर निघालं. जावयाने सामान पुन्हा बॅगेत भरलं. पण त्यानंतर ना तो आला, ना लेक आली.

अशात घरातल्या जुन्या रेडिओने मान टाकली. बायकोला गाण्यांशिवाय करमत नसे. इस्त्री करताना, भाजी निवडताना, दुपारी आडवं पडल्यावर तिला कानाशी गाणं लागायचं. चार दिवस ती गप्प होती. मग एकदा चहाचा कप साहेबांपुढे ठेवून म्हणाली, "अहो, आपण एक कॉम्प्युटर जोडून घेऊ. मला गाणी ऐकता येतील, तुम्हाला बातम्या वाचता येतील. दुकानातला तयार नको. आपले जावई सुटे भाग आणून जोडतील, स्वस्तात पडेल."

"स्वस्तात का पडेल?" साहेबांनी कान टवकारले.

"आलात ना मूळपदावर! आता स्पष्टच सांगते. मला गाण्यांपेक्षा माझी लेक हवी आहे. या निमित्ताने तिचं येणं-जाणं पुन्हा सुरू होईल. जावयावर एवढासा जरी संशय घेतलात ना, तर ती परत तोंड दाखवायची नाही. आणि मग मीही काय करेन ते मला माहीत नाही."

साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "बरं बाई, तोंड शिवून बसतो." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, हे इथे सांगायला हवं. लेक त्यांनाही हवी होती. सांगायची सवय नव्हती, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई आले. लेक आईच्या गळ्यात पडली, बापाकडे बघून नुसती हसली. जावई एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरांची देखभाल करायचा. माणूस मितभाषी. त्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि सगळी खोकी ओळीने मांडली. हा प्रोसेसर, चित्र दाखवायची सोय याच्यातच आहे, वेगळं कार्ड नको. ही मेमरी. ही डिस्क, हिच्यात काही फिरत नाही, त्यामुळे घरघर नाही. हा मंद पंखा. "आई, तुम्हाला गाणी ऐकायची आणि बाबांना इंटरनेट बघायचं. त्याला फार भारी सामान लागत नाही. वाचतील ते पैसे स्पीकरवर घालू," जावई म्हणाला.

साहेब खुर्ची ओढून अगदी कोपराला कोपर लागेल असे बसले. मदत म्हणून त्यांनी टॉर्च धरला होता. टॉर्चचा झोत कामापेक्षा जावयाच्या बोटांवरच जास्त पडत होता. प्रत्येक भाग खोक्यातून निघाला की साहेब खोकं उचलायचे, आतला नंबर आणि बाहेरचा नंबर ताडून बघायचे आणि "हं" म्हणायचे. जावयाच्या कपाळावर घाम आला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको डोळे वटारत होती. साहेबांनी तोंड उघडलं नाही, शब्द दिला होता.

आणि मग जावयाने खांद्यावरच्या पिशवीतून एक छोटं हिरवं कार्ड काढलं. त्याला खोकं नव्हतं. ते रुमालात गुंडाळलेलं होतं! साहेबांनी टॉर्च जवळ नेला. कार्डाच्या कडेला बारीक धूळ बसलेली होती.

"हे काय?"

"साउंड कार्ड. आवाजाचं," जावई म्हणाला आणि त्याने ते घाईने खाचेत बसवून टाकलं.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. घाई का केली? रुमालात का आणलं? जावयाने बाकीची जोडणी उरकली, बटण दाबलं आणि स्पीकरमधून गाणं लागलं. असा काही आवाज निघाला की बायको ओल्या हातांनी तशीच बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. लेकीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. साहेबांनाही बरं वाटलं. पण ते कार्ड जुनं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

लेक आता दर आठवड्याला येईन म्हणाली. जावईही येणार, म्हणजे कॉम्प्युटर उघडणार. आज एक जुना भाग घुसवला, उद्या नवा काढून दुसरा जुना घातला तर कुणाला कळणार? साहेबांनी कात्री काढली, कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या प्रत्येक सांध्यावर पट्टी चिकटवून सही केली. बायको म्हणाली, "हे काय आरंभलंय?" तर म्हणाले, "धूळ जाऊ नये म्हणून." मग त्यांचं लक्ष डब्याच्या जाळ्यांकडे गेलं. मीटरच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घालून आतली चकती थांबवणारे महाभाग साहेबांनी पकडले होते. भोक म्हटलं की त्यांना तार दिसायची. त्यांनी खाकी चिकटपट्टी आणली आणि वरची, बाजूची, मागची अशा सगळ्या जाळ्या बंद केल्या. वायरी जायला तेवढी जागा ठेवली. त्यांना फार निर्धास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायको गाणं ऐकत बसली असताना मध्येच सगळं बंद पडलं. थोड्या वेळाने चालू झालं, परत बंद पडलं. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही काहीच म्हणत नव्हता. आणि आत्ताही म्हणू नका. मी जावयांना फोन करून विचारते, थांबा जरा..."

पण थांबतात ते साहेब कसले! त्यांनी फोन उचलून थेट लेकीला लावला. "तुझ्या नवऱ्याने जुना माल घातला. मी या डोळ्यांनी पाहिलाय. सासऱ्याला फसवताना लाज कशी वाटली नाही त्या लबाडाला?"

 पलीकडून लेक एवढंच म्हणाली, "येते मी." बायको मटकन पलंगावर बसली.

लेक एकटीच आली. हातात स्क्रू-ड्रायव्हर. चपला काढून सरळ कॉम्प्युटरपाशी गेली आणि खाली वाकली. पट्ट्या बघितल्या. सह्या वाचल्या. जाळ्यांवरून हात फिरवला.

"बाबा, याचा श्वास कोंडलाय. आतली गरम हवा बाहेर कुठून जाणार? जास्त तापला की हा स्वतःच बंद होतो, जळू नये म्हणून. तुम्ही त्याला गुदमरवलंत."

तिने चिकटपट्ट्या टराटरा ओढून काढल्या, बटण दाबलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. गाणं लागलं. एक संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. कुणी एकमेकांकडे बघेना.

साहेबांनी घसा खाकरला. "ठीक आहे, ते झालं. पण कार्ड जुनं होतं की नव्हतं?"

"होतं!" लेक ओरडली. "जुनंच होतं. त्याचं स्वतःचं. आमच्या घरच्या मशीनमधून काढून आणलं त्याने. तुम्ही जेवढं बजेट दिलंत त्यात असं कार्ड येत नव्हतं. आईला गाणं नीट ऐकू यावं म्हणून त्याने आपलं दिलं, आणि तो स्वतः घरी डबड्यासारखा आवाज ऐकतोय."

"मग तसं सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? फुकट का देतोय, त्याला आपल्याकडून काय हवंय, हेच ना?"

 साहेब अगदी हेच म्हणाले असते, शब्दन् शब्द.

लेकीने वीज बंद केली, डबा उघडला, कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. स्पीकरची वायर मागच्या साध्या भोकात लावली. "आवाज येईल. आमच्या उपकाराशिवाय येईल," ती म्हणाली. तेवढ्यात आतल्या खोलीतून बायको आली. हातात कपड्यांची पिशवी.

"तू कुठे निघालीस?" साहेब म्हणाले.

"लेकीकडे. गाणी ऐकायला."

"आणि परत कधी येणार?"

"ते मला नका विचारू," बायको म्हणाली आणि चपला घालून लेकीच्या मागोमाग जिना उतरली.

साहेबांनी त्या दिवशी बातम्या वाचल्या. कॉम्प्युटर झकास चालत होता, एकदाही बंद पडला नाही. गाणं लावून बघितलं तर मागे बारीक गुणगुण येत होती. रात्री त्यांनी भात लावला, खालून करपला. पुढच्या दिवशीही तसंच झालं. तेलाच्या बाटलीवरची खूण जिथल्या तिथे होती, साखरेच्या डब्याची पट्टी शाबूत होती. आयुष्यात पहिल्यांदा घरातला सगळा हिशेब जुळला होता, आणि साहेबांना घरात बसवेना. लेकीला फोन केला, तिने उचलला नाही. बायकोला केला, तिनेही नाही. आपण त्या पोराला लबाड म्हणालो, हे त्यांना दात घासतानासुद्धा आठवायला लागलं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला, दाराला कुलूप लावलं आणि लेकीचं घर गाठलं. आजवर ते तिथे कधीच गेले नव्हते. जिन्यातच गाणं ऐकू आलं, स्वच्छ, मागे काही गुणगुण नाही. त्या आवाजात बायकोचा आवाज मिसळला होता. ती गात होती! आपल्या घरी ती फक्त ऐकायची, हे पायरीवर उभ्या उभ्या साहेबांच्या ध्यानात आलं.

त्यांनी बेल वाजवली. गाणं थांबलं. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत जावयाचा चेहरा दिसला. त्याने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रिकामे हात बघितले, किल्ल्यांनी फुगलेला खिसा बघितला, पुन्हा चेहरा बघितला. ही नजर साहेबांच्या चांगली ओळखीची होती. ती अशी समोरून अंगावर येते तेव्हा कसं वाटतं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

"काय तपासायला आलात, बाबा?" जावयाने शांतपणे विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.  "माझं चुकलं. घड्याळाच्या वेळीही चुकलं होतं. एवढंच सांगायला आलोय."

 जावई तसाच फटीतून त्यांच्याकडे बघत राहिला. हा म्हातारा खरं बोलतोय की आणखी काही मनात आहे, ते त्याला ठरवता येईना. साहेब मान खाली घालून पायपुसण्यावर उभे राहिले आणि साखळी निघायची वाट बघू लागले.