पेट्रोल कमी भर

शेठजींनी माझ्यासमोर चूळ भरली.

सौसरजवळची मुरमाची धावपट्टी. शहाऐंशीचा मे. विमान उतरवून मी नुकताच खाली आलो होतो. शेठजी जीपपाशी गेले, ड्रायव्हरकडून सुरई घेतली, तोंडात पाणी खेळवलं आणि माझ्या दिशेला थुंकले. मग पुन्हा एकदा. सकाळी नागपूरहून निघताना त्यांनी माझ्या हातून ग्लासभर पाणी घेतलं होतं. ते केव्हाच पोटात गेलं होतं. आता चूळ भरून काय निघणार होतं, ते त्यांनाच ठाऊक.

दहा मिनिटांपूर्वी हेच शेठजी मला म्हणाले होते, "मस्त उतरवलं कॅप्टन साहेब तुमी. पोटातलं पानी हाललं नाही." मधल्या दहा मिनिटांत एवढंच झालं होतं की त्यांना माझा बाप दिसला होता.

सगळं सांगतो. नागपुरात चार पैसेवाल्यांनी मिळून एक विमान घेतलं होतं. दोन इंजिनांचं, सहा जणांचं. एक कापसातला, एक कोळशातला, एक लाकडातला, आणि चौथे हे सौसरचे संत्र्याचे व्यापारी. ज्याचा जेवढा वाटा, तेवढे महिन्यातले दिवस विमान त्याचं. पायलट मात्र चौघांचा एकच, आणि त्याला ठेवायचं तर चौघांच्याही सह्या लागत. माझ्या कागदावर तीन झाल्या होत्या. चौथी सही शेठजी माझ्यासोबत उडून बघितल्यावर करणार होते.

असल्या लहान विमानात वाढायला वेगळा माणूस नसतो. पाण्याचा जग आणि ग्लास पायलटच्या सीटमागे एका खणात ठेवलेले असतात. निघताना आणि उतरल्यावर पायलटच पाणी विचारतो. तशी रीतच असते. सकाळी मी त्या रीतीनंच पाणी दिलं होतं.

ही नोकरी मला किती हवी होती ते कसं सांगू. पांढुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतला मी पहिला मॅट्रिक. सरकारी शिष्यवृत्तीवर नागपूरच्या क्लबात विमान शिकलो. लायसन्स हातात येऊन दोन वर्षं झाली होती आणि कुणी दारात उभं करत नव्हतं. लायसन्स जिवंत ठेवायचं तर उडत राहावं लागतं, आणि उडायला विमान लागतं. क्लबात मी मोठ्या घरच्या पोरांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, लिहून द्यायचो. त्या बदल्यात ते मला कधीमधी अर्धा तास उडू द्यायचे. असं भीक मागून उडणं ऑगस्टपर्यंतच चालणार होतं. ऑगस्टच्या आत पुरेसे तास भरले नाहीत तर लायसन्स बाद.

मुलाखतीला मॅनेजर होते. स्वतः जुने पायलट, नजर अधू झाल्यामुळे जमिनीवर आलेले. बोलायला फार गोड. आमचं आडनाव इकडच्या शेतकरी घरांतही असतं. त्यांनी विचारलं, "पांढुर्ण्याचे ना? मग वडील संत्र्याचं बघत असतील?"

मी म्हणालो, "हो."

खोटं नव्हतं. बाबा संत्रीच बघत होते. बोरगावला शेठजींच्या बागेत वीस वर्षं. हंगामात फळं तोडायची, उन्हाळ्यात झाडांना आळी करायची, पाणी घालायचं. पण मॅनेजरनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि मी त्यांना समजू दिलं. ते "हो" आजही माझ्या घशात अडकलेलं आहे.

चाचणीचा दिवस मी बाबांना सांगायलाच नको होता. पण न सांगून राहवलं नाही. बोरगावहून ते पायी आले आणि धावपट्टीच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. विमान थांबलं तेव्हा ते मला दिसले. शेठजी विमानातून उतरताना दिसताच त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मे महिन्याच्या भर उन्हात, त्या तापलेल्या मुरमावर.

शेठजींनी त्यांना हटकलं. "काऊन रे, तू इथं काय करून राहिला?"

बाबा हसले. असं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "मालक, हे माहं पोरगं होय. इमान त्यानंच आनलं."

शेठजींनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तेवढ्यात जग आणि ग्लास काढून उभा होतो. विमानात आमच्यासोबतच आलेले मॅनेजर लगबगीनं पुढे आले आणि माझ्या हातातून जग काढून घेतला. हळूच, जणू मला तो जड होत होता. शेठजी जीपकडे गेले आणि त्यांनी चूळ भरली.

मग मॅनेजर मला पंखाच्या सावलीत घेऊन गेले. "मनाला लावून घेऊ नका. जुन्या वळणाचे आहेत. सही करतायत, नाही म्हणत नाहीत. फक्त एक अट आहे."

अट शेठजींनी स्वतःच सांगितली. आता मी कॅप्टन साहेब राहिलो नव्हतो. "आमच्या घरचा सैपाकी महाराज बसत जाईल तुह्या बाजूले. पानी, चहा, डबा तो पाहील. तू त्याले हात नाही लावाचा. तू फक्त इमान चालव."

म्हणजे आठ हजार फुटांवर त्यांचा जीव माझ्या हातात चालणार होता, पाणी तेवढं नाही.

आणि मी काय बोललो? आजही लाज वाटते. मी वजनाचं बोललो. म्हणालो, "शेठजी, पट्टी लहान आहे, हवा तापलेली असते. तुमची चार माणसं, सामान आणि वर आणखी एक माणूस म्हणजे विमान जड होईल. उचलणार नाही."

शेठजींना हा प्रश्नच वाटला नाही. "मंग पेट्रोल कमी भर."

मी मॅनेजरकडे पाहिलं. पेट्रोल कमी म्हणजे काय, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वाटेत वारा आडवा आला, उतरायला जागा मिळाली नाही, तर तेच उरलेलं पेट्रोल माणसाला घरी आणतं. मॅनेजर माझी नजर चुकवून म्हणाले, "बघू, काहीतरी बसवू." पाणी बाटू नये म्हणून ही माणसं हवेत पेट्रोल संपवायला तयार होती.

शेठजींनी खिशातून पेन काढलं. कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. माझ्या नोकरीपासून ते पेन वीतभर लांब होतं. तारेबाहेर बाबा अनवाणी उभे होते, पाय बदलत. एक पाय वर, मग दुसरा. त्यांना वाटत होतं सगळं नीट चाललंय.

तेव्हा मला शाळेतला रांजण आठवला. आम्हा वस्तीतल्या पोरांना रांजणाला हात लावायला बंदी. शिपाई वरून ओतायचा, आम्ही खाली ओंजळ धरायची. मला त्याचा इतका राग यायचा की मी प्यायचोच नाही. गुरुजींनी विचारलं तर सांगायचो, "मले तहान नाही." सात वर्षं त्या शाळेत मला तहान नव्हती. आणि आज, पायलट होऊन, मी तेच करत होतो. तेव्हा तहान नव्हती, आता वजन जास्त होतं. खरं बोलायची वेळ आली की मी कशाच्या तरी आड लपत होतो.

शब्द आले ते माझ्या घरचे आले.

"वजनाचं राहू द्या, शेठजी. आमी बौद्ध आहो, मनून तुमाले माह्या हातचं पानी चालत नाही. माह्या बापानं पानी घातलेले संत्रे मात्र चालतेत. जग माह्या सीटमागंच राहीन, नाही तं मी चालवत नाही."

शेठजींचं पेन थांबलं. ते चिडले नाहीत. त्यांना ते खरंच वाटलं नसावं. "अन् हे इमान नागपूरले कोन नेईन?"

"तुमच्या महाराजाले इचारा," मी म्हणालो आणि किल्ली मॅनेजरच्या हातात ठेवली.

विमान तीन दिवस त्या पट्टीवर उन्हात उभं होतं. मला त्याचा आनंद झाला असं कुणी समजू नये. ते विमान मला आवडलं होतं.

तारेबाहेर येऊन मी म्हणालो, "बाबा, चपला घाला."

बाबांनी घातल्या नाहीत. जीप निघून दिसेनाशी होईपर्यंत हातातच धरून राहिले. मग सौसरच्या स्टँडकडे चालताना म्हणाले, "सही होऊन राहिली होती रे. पानीच तं होतं. इतके वर्षं आमी काय केलं मंग?"

आम्ही पांढुर्ण्याची बस धरली. दुसऱ्या दिवशी बाबा बागेत गेले तर फाटकावरूनच त्यांना परत पाठवलं. वीस वर्षांचं काम एका निरोपात संपलं. त्यांनी मला दोष दिला नाही, पण बरेच दिवस माझ्याशी बोललेही नाहीत. ते न बोलणं चुळीपेक्षा जास्त लागलं.

ऑगस्टमध्ये लायसन्स बाद झालं. ते परत जिवंत करायला मी क्लबात विमानं धुतली, टायर बदलले, नव्या पोरांना नकाशे शिकवले. वर्ष गेलं. झालं जिवंत.

मग मी पुन्हा अर्ज लिहायला बसलो. या वेळी नाव आणि पत्ता यांच्या खालीच लिहिलं: मी पांढुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतला. वडील संत्र्याच्या बागेत मजूर होते, माझ्यामुळे त्यांचं काम गेलं. विमान मी चालवीन आणि पाण्याचा जग माझ्या हाताशी राहील. हे मान्य नसेल तर मला बोलावू नये.

क्लबातल्या एका भल्या माणसानं तो अर्ज वाचला. म्हणाला, "तास बघून घेतील रे तुला. या ओळी काढ, कशाला उगाच?"

सात ठिकाणी अर्ज पाठवला. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. आठवा लिहिला. त्यातही त्या ओळी आहेत, तशाच, नावाच्या खाली.