काठावर आलेली गांडुळं

आज सकाळी बाल्कनीतल्या गांडूळखताच्या टबाचं झाकण काढलं, ओल्या मातीचा वास आला आणि मी थेट भोकरदनच्या परसात जाऊन उभी राहिले.

लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या होत्या. त्या दिवशीचं उरलेलं अन्न घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, घरच्याच मातीत पुरायचं, एवढं मला माहीत होतं. म्हणून सोळा भाज्या, कढी, लोणचं, उरलेलं सगळं मी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गांडुळांच्या टाक्यात ओतलं. ती गांडुळं त्यांनी वडीगोद्रीहून ओल्या पोत्यात, एसटीत मांडीवर घेऊन आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर गांडुळं काठावर आली होती, एकमेकांवर चढत बाहेर पडायला धडपडत होती. मी झाकण लावून टाकलं आणि दुपारपर्यंत स्वयंपाकघरातून हललेच नाही.

शेवटी आत्याबाईंनीच ते उघडलं. "अगं, मीठ गेलंय यांच्यात! जल्दी ओलं पोतं आण, मरून राह्यलेत ती," म्हणत त्या एकेक गांडूळ तळहातावर उचलून घेऊ लागल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. निम्मी काही वाचली नाहीत.

आजही टबाच्या काठावर एखादं गांडूळ दिसलं तरी हातातलं काम टाकून मी आधी आतली माती चाचपून पाहते. त्या दुपारपर्यंत मी बोलणी खायच्या भीतीनं लपून बसले होते. झाकणाखाली काय चाललं असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.