भर दुपारची ग्यासबत्ती

प्रकाशात माणसाला सत्य दिसते, असे थोर लोक सांगत आले आहेत. ते खरे असावे. मात्र त्यांच्यापैकी कोणाचे गोंदियाच्या बाजारात कापडाचे दुकान नव्हते.

मी तेव्हा अशाच एका दुकानात दिवाणजींच्या हाताखाली लिखापढीला होतो. दुकान बोगद्यासारखे लांबट. उन्हाने कापडाचा रंग उडतो म्हणून दारावर जाड पडदा असे. कापडातले दोषही त्याच पडद्याने झाकले जात, पण हे कोणी बोलून दाखवत नसे. सेठजींनी आत काळ्यापांढऱ्या फरशा नव्याने बसवल्या होत्या. दिवसा त्या धड दिसत नसत, आणि दिवेलागणीनंतर कंदिलाच्या पिवळ्या उजेडात देवळाच्या सभामंडपासारख्या झळकत. गिऱ्हाईक चपला बाहेर काढून आदबीने आत येई.

सेठजींच्या मुलीला राजनांदगावचे मोठे स्थळ आले. मुलाचे वडील संध्याकाळच्या गाडीने येऊन आधी दुकान पाहणार, मग होकार देणार, असे ठरले. एवढ्या मोठ्या माणसापुढे कंदील कसा धरायचा? सेठजींनी नागपूरहून ग्यासबत्ती आणवली. आदल्या संध्याकाळी तिला अगरबत्ती ओवाळून दुकानाच्या मधोमध टांगले. बत्ती फुसफुसत पेटली आणि आम्ही सगळे वर बघायचे सोडून खाली बघू लागलो.

फरशीभर पावलांचे ठसे होते. गठ्ठ्यांखालून धुळीच्या लडी डोकावत होत्या. कोपऱ्यात आम्ही ज्याला वेलबुट्टी समजत होतो, त्या पानाच्या पिचकाऱ्या निघाल्या. पान दुकानात एकटे सेठजीच खात.

झाडणाऱ्या बाईला घरून बोलावण्यात आले.

"ये क्या है?" सेठजी म्हणाले.

"फरशी," बाई म्हणाली.

"इतकी गंदी?"

"काल बी असीच झाडली होती जी. बत्ती तुमी आनली, कचरा मी आनला काय?"

"अच्छा, अब तो झाडू लगा!"

"दिवा लागल्यावर झाडू नाही धरत मी. लक्ष्मी निंगून गेली त मंग मलेच बोल लावान!"

दिवेलागणीनंतर केर काढला की लक्ष्मी जाते, हे सेठजींनीच सगळ्यांना बजावलेले. म्हणजे पंचाईत अशी की कचरा दिसे तेव्हा झाडता येईना आणि झाडता येई तेव्हा दिसेना. सकाळी पडदा काढून पाहिला, तर उन्हाची पट्टी उंबरठ्याच्या जरा आत येऊन थांबली. पुढे जायची तिची इच्छा दिसेना.

दुपारी सेठजींनी तोड काढली. "बत्ती जलाओ! दिन में तो झाडू चलेगा ना?"

दिवाणजी चपापले. बाजारात भर दिवसा दुकानात दिवा लावायचा एकच अर्थ होता. व्यापारी बुडाला की तो दिवसाउजेडी दिवा लावून बसे. दिवाळे म्हणतात ते हेच. दिवाणजींनी तोंड उघडले, पण सेठजींनी "पहले फर्श!" म्हणून ते मिटवले.

बत्ती पेटली. बाई झाडू लागली, सेठजी बोट दाखवत तिच्यामागे फिरू लागले. बाहेर रस्ता हळूहळू शांत झाला. समोरचे किराणावाले टोपी हातात घेऊन आत आले.

"भाईसाब, हिम्मत रखो."

"अब हिम्मत की क्या जरूरत?" सेठजी घाम पुसत म्हणाले. "बस, थोड़ा कोना बाकी है."

किराणावाले डोळे पुसत गेले. त्यांच्या दुःखात थोडा उत्साहही होता.

इतक्यात पाहुणे आले. संध्याकाळचे सांगून दुपारच्या गाडीने येणारे व्याही मला पुढेही पुष्कळ भेटले. त्यांना खरी परिस्थिती बघायची असते. स्टेशनपासूनच त्यांच्या कानावर काहीबाही आले असावे. ते चपलांसकट तडक आत शिरले आणि जळत्या बत्तीखाली थांबले.

"सेठजी, जो सुना, वो सच है?"

सेठजींना वाटले, फरशीची कीर्ती स्टेशनापर्यंत गेली. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आप खुद देख लीजिए. सब साफ हो गया!"

पाहुण्यांनी पाहिले. पाणीही न घेता ते वळले आणि आले तसेच गेले. दिवाणजींनी खुलासा द्यायला मला स्टेशनवर पळवले, पण पाहुणे गाडीत बसून खिडकी लावून घेत होते. ते स्थळ मोडले ते मोडलेच. मुलीचे लग्न पुढे आमगावला चांगले झाले. तिच्या सासऱ्यांनी दुकान पाहिलेच नाही.

"काय उजेड पाडला!" एवढेच दिवाणजी त्या दिवशी म्हणाले, तेही वहीकडे बघत.

संध्याकाळी दिवेलागण झाली. ग्यासबत्तीच्या लख्ख उजेडात पाहुण्यांच्या धुळीच्या चपलांचे ठसे उंबरठ्यापासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून उंबरठ्यापर्यंत स्वच्छ दिसत होते. झाडता येत नव्हते.