ट्यूबची हवा
पंक्चरच्या दुकानातून रबराचा वास आला की मला सांगोल्याकडची आमची विहीर दिसते. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात पंपाच्या पाइपाचं तोंड तळच्या गाळात रुतलं. हवा भरलेली सायकलची ट्यूब गळ्यात अडकवून, तिचं तोंड दातांत धरून, हातातल्या दगडाच्या वजनानं आमचे मालक तळाला गेले. लग्नाला महिनाही झाला नव्हता. गार, काळ्या पाण्यावर बुडबुडे येत होते, ते थांबले. त्यांच्या कमरेला बांधलेला दोर ओढला तर नुसताच वर आला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे विसरून मी काठावरून वाकून त्यांच्या नावानं ओरडले. सासू शेजारीच होती. म्हणाली, "थांबू नगंस, मार की हाक." ते वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. अजूनही तो वास आला की घरी येऊन मी त्यांना नावानंच हाक मारते आणि ओ येईपर्यंत दारातच उभी राहते.