फिन्टनच्या काठीवरचा डावा हात

फिन्टन स्लॅटरी चालायच्या आधी हर्लिंगची काठी धरायला लागला, असं त्याची आई ब्रीज सांगते. हर्लिंग म्हणजे आमचा आयरिश खेळ, हॉकीचा दांडगा भाऊ. आईचं बोलणं सोडून देऊ, पण मी शेजारीण आहे आणि मलाही तसंच आठवतं. त्यांच्या आणि आमच्या परसामध्ये दगडी गडगा आहे. त्याच्यावरून आधी चेंडू यायचा, मग फिन्टन. ‘नोरीनकाकू, तुमच्या कोबीत गेला!’ आणि कोबीचा गड्डा फुटलेला. संध्याकाळच्या जपमाळेत मी त्या कोबीसाठीही एखादी नमो मरिया म्हटली असेन.

बाप लॉरीवर, घरी आला तर आला. त्यामुळे पोराला खेळायला शिकवलं ते आजोबांनी, ब्रीजच्या सासऱ्याने, मॉसीने. मॉसी तरुणपणी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे देवळाखालच्या गावाच्या, संघात होता. पुढे लाकडाच्या गिरणीत करवतीने त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. ‘करवतीला हर्लिंग कळत असणार,’ तो म्हणतो, ‘नेमकी पकडीची बोटं घेतली.’ त्यानंतर उजव्या हातात काठी ठरेना, म्हणून त्याने हात बदलले. डावा वर, उजवा खाली. नातवाने डोळे उघडून पाहिलं ते हे, आणि लहान पोर पाहतं तसं करतं.

उजव्या हाताच्या माणसाचा उजवा हात काठीच्या वरच्या टोकाला, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. पण फिन्टनचे हात उलटे आहेत हे कोणालाच दिसलं नाही. ब्रीजच्या माहेरची माणसं एकजात डावरी. पोरगा त्यांच्यावर गेला, असं सगळ्यांनी धरून टाकलं, मॉसीनेसुद्धा. तो उजव्या हाताने लिहितो, उजव्या हाताने बटाटा सोलतो, हे मी रोज बघत होते. क्रूसाची खूण तर सगळेच उजव्या हाताने करतात, त्यामुळे देवळातही काही उमगलं नाही. शिवाय पोरगा खेळायचा असा, की चौकशी कशाला करायची? कोपऱ्यात दोघे अंगावर असताना तो चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवरून काढून असा गुण मिळवायचा, की पलीकडच्या पॅरिशचे लोक डोकं खाजवायचे. फादर लॅफी म्हणायचे, ‘देवाची काही दानं प्रश्न न विचारता घ्यावीत.’

प्रश्न विचारला तो डर्मट क्विल्टीने. फिन्टनला सतरावं लागलं आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुलांच्या संघाच्या सरावाला बोलावणं आलं. क्विल्टी तिथला प्रशिक्षक. पहिल्याच दिवशी त्याने पोराला बाजूला घेतलं.

‘तू डावरा का रे?’

‘नाही.’

‘मग हात उलटे का?’

‘उलटे?’ फिन्टन म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

क्विल्टी वाईट माणूस नाही. त्याने सरळ सांगितलं, ‘गावच्या सामन्यात हे खपतं. इथे तुझी काठी फिरायला क्षणभर उशीर झाला की समोरचा आपली काठी मध्ये घालणार. महिनाअखेरीला निवडीचा सामना आहे. तोवर हात सुधार, नाहीतर मला तुला घेता यायचं नाही.’

फिन्टन तिथून आला तो थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी सोडा ब्रेड कापत होते. एरवी बुडाचा करपलेला तुकडाही मागून खाणारं पोर, त्या दिवशी लोण्याकडे बघेना.

‘काकू, आजोबांना सांगू नका.’

‘अरे पण काय?’

त्याने सगळं सांगितलं. ‘त्यांच्या बोटांमुळे हे झालं असं त्यांना वाटेल. मग ते मैदानावर यायचेच नाहीत.’

काउंटीची जर्सी घालायचं तो पाळण्यापासून बोलत होता, आणि आत्ता चिंता म्हाताऱ्याची. मी त्याच्या पानात आणखी एक तुकडा वाढला. दुसरं काय करणार?

रोज तो देवळामागच्या भिंतीवर एकटा चेंडू मारायचा. उजवा वर, डावा खाली. चेंडू मनाला येईल तिकडे जायचा, एकदा तर फादरांच्या गुलाबात गेला. त्यातच शेजारच्या डेरीव्हेन गावाशी आमच्या पॅरिशचा सामना आला. सगळं गाव मैदानाच्या कडेला. समोरून मारायचा सोपा चेंडू फिन्टनने खांबांच्या बाहेर घालवला. दुसराही घालवला.

‘ए स्लॅटरी, काठी आहे की झाडू?’ डेरीव्हेनचा एकजण ओरडला.

आमचेही काही कमी नाहीत. पॅकी खाटीक म्हणाला, ‘काउंटीचं बोलावणं आलं आणि डोळे गेले वाटतं पोराचे!’

मॉसी माझ्या शेजारी उभा होता. पॅकीला एरवी त्याने तिथल्या तिथे सोलला असता. त्या दिवशी त्याची नजर मैदानावरून हलेना. मग हळूच म्हणाला, ‘नोरीन, पोराचे हात बघ. उजवा वर आहे.’

मी खिशातली जपमाळ घट्ट धरली. खोटं मी बोलत नाही, आणि खरं बोलायची मला बंदी होती.

‘डावरा नव्हताच की काय तो?’ मॉसी म्हणाला. मग त्याने आपला उजवा पंजा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि खिशात घातला. सामना संपेपर्यंत तो हात बाहेर आला नाही.

मला वाटलं, झालं. पोराला जी भीती होती तीच.

दुसऱ्या दिवशी मिस्साहून येऊन मी कपडे वाळत घालत होते, तोच गडग्यापलीकडून मॉसीचा आवाज आला.

‘ये इकडे, गाढवा. इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?’

‘मला कुठे माहीत होतं, आजोबा? तुम्ही धरता तशी धरली.’

‘मला बोटं नाहीत म्हणून मी तशी धरतो, शहाण्या! मी लंगडा असतो तर तूही लंगडला असतास?’

फिन्टनने जरा विचार केला. ‘बहुतेक.’

मी चादरीआड तोंड लपवून हसले. मॉसी मात्र घरात गेला आणि आपली जुनी काठी घेऊन आला. ॲशचं लाकूड पार काळं पडलेलं, पात्यावरची पट्टी गंजलेली. त्याने उजवा हात वर घेतला, तीन बोटांचा, आणि काठी फिरवली. ती सुटून कोंबड्यांत पडली.

‘आजोबा, तुम्ही कशाला?’

‘तुला चुकीचं शिकवलं ते समोर उभा राहूनच ना? बरोबरही तसंच शिकवणार. तू माझ्याकडे बघूनच शिकतोस, दुसरी अक्कल तुला नाही. चल. ज्याच्या हातून आधी पडेल त्याने कुत्रं हिंडवून आणायचं.’

त्या महिन्यात मॉसीने कुत्रं इतकं हिंडवलं, की ते त्याला बघून खाटेखाली जायला लागलं. आणि समोर पोराचा चेंडू भिंतीवरच्या चुन्याच्या खुणेवर बसायला लागला.

निवडीच्या सामन्याला निघताना मी नॉकच्या यात्रेहून आणलेल्या तीर्थाची बाटली काढली. फिन्टनच्या काठीवर शिंपडलं, दोन्ही हातांवर शिंपडलं. मॉसीने मुकाट्याने आपलाही पंजा पुढे केला.

पोरगा नीट खेळला. फार चमकला नाही, पण उजवा हात वर राहिला आणि चेंडू सरळ गेले. अगदी शेवटाला त्याला दोघांनी कोपऱ्यात कोंडलं. काठी फिरवायला जागा नाही. एकाची काठी तर आडवी आलीच होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे हात बदलले. डावा वर. चेंडू त्या दोघांच्या मधून उठला आणि दांडीवरून गेला.

मॉसीने डोळे मिटले. ‘मेला,’ तो म्हणाला. ‘आता क्विल्टी याला घरी पाठवणार.’

फिन्टन खाली मान घालून बाहेर आला. क्विल्टीने त्याला थांबवलं. आम्ही हाकेच्या अंतरावर होतो.

‘तो शेवटचा कोणत्या हाताने मारलास?’

‘आजोबांच्या,’ फिन्टन म्हणाला.

क्विल्टीने आमच्याकडे पाहिलं, मॉसीच्या हाताकडे पाहिलं, आणि ‘हं’ एवढंच म्हणून निघून गेला.

रविवारी मिस्साच्या शेवटी फादरांनी सूचना वाचल्या. केकची विक्री, कबरस्तानाची साफसफाई, आणि ‘आपला फिन्टन स्लॅटरी काउंटीच्या संघात, राखीव.’ ब्रीज रडली. सगळे उठले तरी मॉसी गुडघ्यांवरच राहिला.

बाहेर पॅकी वाटच बघत होता. ‘राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, मॉसी!’

‘उचलेल की,’ मॉसी म्हणाला. ‘दोन्ही हातांनी उचलेल. तुझ्या पोराला एक तरी चालवता येतो का?’

आज संध्याकाळी मी जपमाळ घेऊन बसले आहे आणि पलीकडे भिंतीवर चेंडू आपटतो आहे. मध्येच काठी पडल्याचा आवाज, मग मॉसीची शिवी. देवा, ती माफ कर. आणि आता खाटेखालून कुत्र्याला ओढून काढताहेत.