ओली कंपनी

महागावच्या बाजारात कापूस पारखण्यात माझा अंगठा गाजलेला आहे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी सांगायची. सरकी दाताखाली फोडली की ओल कळते. असा अंगठा असल्यावर माणूस शहाणा राहील कसा?

मी शेअर बाजारात उतरलो आणि तंत्रज्ञान कंपन्यांची परीक्षाही अंगठ्यानेच घेऊ लागलो. कंपनीचं ॲप उघडायचं, पडद्यावर अंगठा फिरवायचा. अडखळला तर माल हलका, लोण्यासारखा सरकला तर लांब धाग्याचा. हसू नका, पहिला शेअर मी असाच घेतला. ॲप आजही झकास सरकतं. शेअर त्याहून जोरात घसरला.

"ॲपपेक्षा शेअरच मऊ निघाला म्हणा की," बायको म्हणाली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. अंगठा खिशात, सगळी भिस्त आकड्यांवर. चहाच्या टपरीवरच्या मंडळींनी एक सॉफ्टवेअर कंपनी हेरली होती. विक्री वाढती, नफा वाढता, आणि नफ्याच्या मानाने शेअर स्वस्त. अडचण एकच, माझ्याकडे पैसे नव्हते. बायकोकडे होते. तुरीचे पैसे तिने डाळ मिलसाठी राखले होते. व्यापाऱ्याला तूर विकण्यापेक्षा घरीच डाळ करून विकायची, हा तिचा बेत. व्यापारी म्हणजे माझीच बिरादरी, त्यामुळे मी त्यावर कधी बोललो नव्हतो.

बायको पोळ्या करत होती; आकड्यांचा कागद घेऊन मी गॅसपुढे उभा राहिलो.

"दुप्पट करून देतो. मंग मोठी मिल घेऊ."

"आकडे खरे हायेत?"

"हाव. ऑडिटरची सही हाये."

"काट्यावर बी सरकारी शिक्का असते. तरी तुमी कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात कायले घालता जी?"

"अवं, काट्यावर वजन बरोबरच येते. पण कापसावर पाणी मारलं असलं तं..."

तिने शांतपणे पोळी उलटली.

कापसाचं वजन खोटं नसतं, त्यात पाणी असतं. आणि पाणी मारणारा वरचा थर कोरडाच ठेवतो. मी कंपनीचा वरचा थर पाहून आलो होतो. मग त्यांचा वार्षिक अहवाल मोबाइलवर उघडला आणि वरची गुळगुळीत पानं सोडून थेट मधे शिरलो. विक्री फुगली होती, पण गिऱ्हाइकांकडून पैसा येतच नव्हता. उधारीचं येणं वाढत होतं, हातातली रोकड आटत होती. कोपर ओलं झालं!

टपरीवर जाऊन मी सांगून टाकलं, "आपण नाही घेत."

"काहून गा? बायकोनं दम देल्ला का?"

"कंपनी ओली हाये."

सॉफ्टवेअर कंपनी ओली! चहा नाकात जाईपर्यंत हसले सगळे. वर तो शेअर हट्टाने चढतच राहिला. मी टपरीशी पोचलो की ठरलेला सवाल, "सुकली का गा तुही कंपनी?" मी हसण्यावारी न्यायचो आणि घरी येऊन चोरून भाव बघायचो. बायकोने मात्र मिलची मागणी नोंदवून टाकली होती. आता माझी चूक निघाली असती, तर अंगठ्याबरोबर नाकही गेलं असतं.

आणि मग कंपनीनेच जाहीर केलं की जुनी येणी बुडाली. शेअर असा पडला की टपरीवर चहा उकळल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मंडळींनी त्यात थोडेथोडेच पैसे घातले होते, म्हणून मला हसायची सोय राहिली. ती मी पुरेपूर वापरली.

मिल आली तेव्हा ती पाहायला तीच मंडळी हजर. "सांग आता, आकडा खरा का अंदाज?" एकाने विचारलं.

"हात कुठी घालाचा ते अंदाजानं कळते," मी छाती फुगवून म्हणालो, "हाताले काय लागलं ते आकड्यानं."

बाह्या सारून मी तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. "कोरडी ठणठणीत! होऊ द्या चालू."

"थांबा जी," म्हणत बायकोने ओलावा मोजायचं यंत्र काढलंच. सगळे यंत्राकडे, मी आढ्याकडे. यंत्र माझ्या बाजूने बोललं.

मिल धडधडली, पिवळीधमक डाळ पडू लागली, आणि मी सगळ्यांना एकेक मूठ वाटत सुटलो. बायको म्हणाली, "पुरे! विकाची हाये ते."